नोंद जपण्याची विद्या : विद्यालयाचे रजिस्टर संगणकात गेल्यावर पडणारे प्रश्न

आपल्या विद्यालयाच्या कार्यालयात एक जुने लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या खणात जनरल रजिस्टरचे खंड ठेवलेले आहेत. ज्या दिवशी आपले आईवडील आपल्याला पत्र्याच्या पेटीसह वसतिगृहाच्या दारात सोडून गेले, त्या दिवसाची नोंद या खंडांत आहे. आता त्याच नोंदी संगणकातही आहेत. माजी विद्यार्थी दाखल्याची दुसरी प्रत मागायला येतात, पालक नावातील चूक घेऊन येतात, आणि कार्यालयातून उत्तर मिळते, "संगणकात तसे दिसत नाही." हे 'दिसत नाही' म्हणजे नेमके काय, बिघाड कोठे होतो आणि तो कसा शोधावा, याविषयी चार गोष्टी या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडाव्यात असे वाटले. मी इतिहासाचा शिक्षक, संगणकशास्त्राचा नव्हे. तथापि एक चूक माझ्याच हातून घडली आणि तिने मला हा विषय शिकणे भाग पाडले. म्हणून आरंभ त्या चुकीपासून करतो.

एका रकान्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी जुनी रजिस्टरे संगणकात उतरविण्याचे काम माझ्याकडे आले. दोन लिपिक आणि मी, उन्हाळी सुटीभर बसलो. 'धर्म व जात' या रकान्यात एकसारखेपणा नव्हता. कोठे 'हिंदू महार', कोठे 'महार', कोठे 'नवबौद्ध', कोठे नुसते 'बौद्ध'. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडले, त्यानंतरही आपल्या मुलांच्या नावापुढे जुना शब्द राहावा, हे माझ्या मनाला रुचेना. मी लिपिकाला सांगितले, "हे सगळे एकदाच 'बौद्ध' करून टाका." त्याने संगणकाला एक हुकूम दिला आणि अकराशेहून अधिक नोंदी एका क्षणात बदलल्या. त्या दिवशी मला समाधान वाटले, हे मी लपवीत नाही.

पुढे आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या मुलीला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे आणि तेथून आजपर्यंत जुळणारी वंशावळ मांडावी लागते. आजोबांच्या जुन्या शाळेचा उतारा 'महार' असा होता. वडिलांच्या मूळ दाखल्यावरही 'हिंदू महार' होते. आणि आमच्या संगणकातून छापून दिलेल्या वडिलांच्या उताऱ्यावर मात्र 'बौद्ध'. एकाच माणसाची, एकाच शाळेची, दोन कागदांवर दोन रूपे! पडताळणी करणाऱ्यांनी खुलासा मागितला, आणि त्यांनी तो मागणे योग्यच होते. प्रवेशाच्या मुदतीला आठवडाही उरलेला नव्हता.

त्या मुलीला लोखंडी कपाटाने वाचविले. मूळ रजिस्टर दाखविले, मी लेखी खुलासा दिला, आणि काम निभावले. परंतु त्या चार दिवसांत तिच्या वडिलांचा चेहरा मी पाहिला आहे. ज्या शब्दापासून मुक्त व्हायचे म्हणून मी तो पुसला, तोच शब्द तिच्या शिक्षणाच्या दारावरची किल्ली होता.

इतिहासाच्या शिक्षकाला हे अगोदर कळायला हवे होते. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या दोन-अडीच हजार होती. १९६१ मध्ये ती सुमारे २८ लाख झाली. धर्मांतरितांना राज्याने १९६० पासून सवलती दिल्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या तीस वर्षांत एखाद्या बापाने मुलाच्या नावापुढे अभिमानाने 'बौद्ध' लिहिले, तर दुसऱ्याने केंद्राची शिष्यवृत्ती बुडू नये म्हणून 'हिंदू महार' ठेवले. त्या रकान्यातील विसंगती ही चूक नव्हती. तो आपल्या समाजाचा इतिहास होता. मी तो एका हुकमाने सपाट केला.

रविवारची शिकवणी

या प्रकारानंतर आपला एक माजी विद्यार्थी, जो पुण्यात एका कंपनीत डेटाबेस सांभाळण्याचे काम करतो, रविवारी विद्यालयात आला. "जय भीम सर" म्हणून तो संगणकापुढे बसला. मी त्याला विचारले, "अरे, डेटाबेस म्हणजे तरी काय?" तो म्हणाला, "सर, तुमचे जनरल रजिस्टर. फक्त त्याचे नियम यंत्र पाळते."

हे उत्तर अक्षरशः खरे आहे. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने माहिती सारण्यांच्या रूपात कशी मांडावी याचा सिद्धांत मांडला. आज बँक, रेल्वे आरक्षण, सातबारा आणि शाळा यांच्या नोंदी बहुतांशी त्याच पद्धतीने ठेवल्या जातात. उभे रकाने, आडव्या नोंदी, आणि प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा क्रमांक. आपल्या रजिस्टरमध्येही हेच आहे. फरक इतकाच की कागदावर चूक करायला वेळ लागतो, संगणकात लागत नाही.

त्याने त्या दिवशी ज्या अडचणी उलगडून दाखविल्या, त्या आपणा सर्वांच्या उपयोगाच्या आहेत.

माणूस कशाने ओळखायचा?

पहिली अडचण : एकाच विद्यार्थ्याच्या दोन नोंदी, किंवा दोन विद्यार्थ्यांची एक नोंद. 'नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस तोच' असे आम्ही धरून चाललो होतो. आपल्या भागात हे धोक्याचे आहे. आपल्यापैकी कितीजणांचा वाढदिवस १ जून आहे, हात वर करून पाहा! शाळा जूनमध्ये उघडे, आईबापांना तारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. एकाच वर्गात एकाच नावाचे दोघे आणि दोघांचीही जन्मतारीख १ जून, असे आपल्या रजिस्टरमध्ये एकाहून अधिक ठिकाणी आहे.

म्हणून नोंदीची ओळख नावावर नव्हे, तर कधीही न बदलणाऱ्या क्रमांकावर ठेवावी लागते. आपल्याकडे तो जनरल रजिस्टर क्रमांक. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाने प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये त्याचे नाव 'भिवा रामजी आंबेडकर' असे असून त्यापुढे क्रमांक १९१४ आहे. जग पुढे त्यांना डॉ. भीमराव आंबेडकर म्हणून ओळखू लागले. 'भीमराव' या नावाने ते रजिस्टर शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही. १९१४ हा क्रमांक ठाऊक असलेल्याला मात्र ते पान लगेच मिळेल. नाव बदलते, क्रमांक राहतो.

दुसरे उदाहरण घरचेच. २०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. लगेच काहींनी सुचविले की सर्व नोंदींतील 'अहमदनगर' काढून नवे नाव घालावे. या वेळी मी सावध होतो. ज्या विद्यार्थ्याचा दाखला १९८८ साली 'जिल्हा अहमदनगर' असा निघाला, त्याच्या नोंदीत ते तसेच राहिले पाहिजे. उपाय सोपा आहे : जिल्ह्यांची वेगळी सारणी ठेवावी, तिच्यात जिल्ह्याला एक क्रमांक द्यावा, आणि कोणत्या काळात कोणते नाव होते ते लिहावे. गाडीच्या पाटीवरील एमएच १६ बदलले नाही, टपालाचा ४१४००१ बदलला नाही. ओळखीचा क्रमांक आणि वरची पाटी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की नामांतराने काही मोडत नाही.

नाव असूनही सापडत नाही, ते का?

आमचा नेहमीचा प्रश्न हाच. रजिस्टरमध्ये नाव आहे, संगणकात टंकलेले आहे, पण शोधले की सापडत नाही. याची कारणे बहुधा पुढीलपैकी एक असतात.

जुन्या फायली श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा टंकांत तयार झालेल्या असतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच असतात. युनिकोडमध्ये टंकलेले नाव त्यांच्याशी जुळणे शक्य नाही. अशा फायली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात आणि रूपांतरानंतर माणसाने मुळाशी ताडून पाहाव्या लागतात; जोडाक्षरे आणि रफार येथे हमखास घसरतात.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. 'गोऱ्हे', 'कऱ्हाडे' यांतील 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन्ही निराळे. मोबाईलवर भरलेले नाव आणि कार्यालयात भरलेले नाव यामुळे एकमेकांना ओळखत नाहीत. नावापुढे चुकून राहिलेली मोकळी जागा, 'शि' आणि 'शी', 'कांबळे' वरील निसटलेला अनुस्वार, हीही त्याच जातीची दुखणी.

यावर त्या विद्यार्थ्याने उत्तम युक्ती सांगितली. नावाचे दोन रकाने ठेवावे. एकात मूळ रजिस्टरमध्ये जसे आहे तसे, अशुद्ध असले तरी तसेच. दुसऱ्यात फक्त शोधण्यासाठी एकसारखे केलेले रूप. दाखला छापताना पहिला रकाना, शोधताना दुसरा. माझ्या 'बौद्ध' प्रकरणावरचे औषधही हेच होते. एकसारखेपणा हवा असेल तर तो शेजारी लिहावा, मुळावर नव्हे.

एक इशारा द्यायला हवा. पडद्यावर नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसू लागली, तर काम ताबडतोब थांबवावे. साठवणीची व्यवस्था देवनागरीसाठी लावलेली नसली की असे होते. नुसते दाखविण्यात चूक असेल तर ती दुरुस्त होते. पण प्रश्नचिन्हेच साठविली गेली असतील, तर मूळ अक्षरे कोणीही परत आणू शकत नाही.

आकडे का बदलतात?

याद्या एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात बहुधा एक्सेलमधून जातात, आणि आकड्यांचे अपघात तेथेच घडतात. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच जपते. त्यापुढील अंकांच्या जागी शून्ये येतात. सोळा किंवा अधिक अंकी बँक खाते क्रमांक असा बिघडला की शिष्यवृत्ती परत जाते आणि पालक शाळेला बोल लावतात. ज्या क्रमांकाचा आरंभ शून्याने होतो त्याचे ते शून्यही गळून पडते. उपाय एकच : ज्यांची बेरीज-वजाबाकी करायची नाही असे सर्व क्रमांक, म्हणजे आधार, खाते, युडायस, भरण्यापूर्वी त्या रकान्याचा प्रकार 'मजकूर' असा ठरवावा.

तारखेचेही तसेच. ०५/०६/२०१० म्हणजे ५ जून की ६ मे, हे यंत्र आपल्या मांडणीप्रमाणे ठरविते. १३ तारखेपुढच्या चुका लगेच उघड होतात, कारण तेरावा महिना नसतो. बारापर्यंतच्या चुका दहावीच्या परीक्षेच्या अर्जापर्यंत लपून राहतात. म्हणून दिवस, महिना आणि वर्ष वेगळे विचारावेत, आणि तारीख अक्षरांतही लिहिण्याची आपली जुनी पद्धत सोडू नये. ती काही कारकुनी हौस नव्हती. ती पडताळणी होती.

रिकाम्या रकान्याविषयीही एक शब्द. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव आवश्यक झाले, ही आनंदाची गोष्ट. जुन्या नोंदींत मात्र तो रकाना कोराच राहणार. 'कोरा', 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' हे तीन निरनिराळे अर्थ आहेत. वडिलांच्या रकान्यात काही नसले म्हणून तेथे अंदाजाने काही भरू नये. आपल्या वसतिगृहात आईच्या एकटीच्या कष्टावर शिकलेली मुले आहेत. त्यांच्या नोंदीतील कोरी जागा ही कोणाच्या सोयीसाठी भरण्याची गोष्ट नव्हे.

हा बदल कोणी केला?

खुलासा मागितला गेला तेव्हा मी माझी चूक मान्य केली, म्हणून ती कळली. एरवी संगणकात तिचा मागमूस नव्हता. कार्यालयातील सर्वजण एकाच पासवर्डने काम करीत, आणि तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटविलेला होता.

कागदावर आपण असे कधीच केले नसते. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या शब्दावर तो वाचता येईल अशी एकच रेघ ओढायची, वर योग्य शब्द लाल शाईने लिहायचा आणि बाजूला मुख्याध्यापकांची स्वाक्षरी व तारीख. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतरचा बदल तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेशिवाय करायचाच नाही. संगणकातही नेमके हेच हवे : प्रत्येकाला स्वतःचे नाव व पासवर्ड, पाहण्याचा अधिकार वेगळा आणि बदलण्याचा वेगळा, आणि प्रत्येक बदलाची आपोआप होणारी नोंद, ज्यात जुना मजकूर, नवा मजकूर, कर्ता व वेळ ही चारही असतील.

हा केवळ तांत्रिक मुद्दा नाही. गावच्या शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण शीव त्यालाच ठाऊक. पण ती लिहून ठेवणारी लेखणी कुलकर्ण्याच्या हाती असे. आपल्याजवळ स्मरण होते, दप्तर नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाविषयीचे विधेयक मांडले. ती वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दप्तरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या हाती आज दप्तर आले आहे. ते चिठ्ठीवरच्या पासवर्डवर सोडून देणे आपल्याला शोभत नाही.

मोठा बदल करण्यापूर्वीची शिस्तही त्याने शिकविली. आधी फक्त पाहा : या अटीत किती नोंदी येतात? आकडा अपेक्षेएवढा आहे का? मग बदल 'तात्पुरता' करा, पुन्हा मोजा, आणि खात्री पटल्यावरच तो कायम करा. तोपर्यंत मागे फिरण्याची वाट उघडी असते. आम्ही न पाहता, न मोजता, थेट कायम केले होते.

प्रत होती, तरी उपयोग का झाला नाही?

"सर, बॅकअप नव्हता का?" त्याने विचारले. होता. लिपिक दर शनिवारी न चुकता पेनड्राइव्हवर प्रत घेत असे. पण प्रत्येक नवी प्रत जुन्या प्रतीवरच बसत होती. त्यामुळे चूक झाल्यानंतरच्या शनिवारी चुकीचीही निष्ठेने प्रत निघाली आणि बरोबर असलेली शेवटची प्रत पुसली गेली.

येथे मला आपली परंपरा आठवली. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत आनंदांनी सुत्त आणि उपालींनी विनय म्हणून दाखविला, असे परंपरा सांगते. पुढे भिक्खूंचे गट निरनिराळे भाग पाठ करीत आणि एकत्र म्हणत. एकजण चुकला तर इतरांच्या कानाला ते खटके. सामूहिक पठण ही रोजची पडताळणी होती. सिंहलद्वीपात दुष्काळ आणि युद्धाने पाठ करणारेच नाहीसे होण्याची वेळ आली, तेव्हा इसवीसनपूर्व पहिल्या शतकात तेथे त्रिपिटक ग्रंथबद्ध झाले. भारतात विहार उद्ध्वस्त झाले आणि मूळ संस्कृत ग्रंथ हरवले. पण त्यांतील कितीतरी चीन आणि तिबेटमधील अनुवादांत शिल्लक राहिले. एका ठिकाणची प्रत गेली, दुसऱ्या देशातील राहिली.

संगणकाच्या क्षेत्रात आज जो नियम सांगतात तो याहून वेगळा नाही : प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. त्यात आपल्या अनुभवाने दोन कलमे जोडतो. प्रत्येक प्रतीवर तारीख असावी आणि नवी प्रत जुनीवर बसू नये. आणि दर सहामाहीत एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून, वीस नोंदी मूळ रजिस्टरशी ताडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत म्हणजे न म्हटलेले सुत्त. ती आहे असे आपण फक्त समजत असतो.

आपण काय करू शकता?

माजी विद्यार्थ्यांनी आपला मूळ दाखला हाती घेऊन नाव, जन्मतारीख व जातीची नोंद एकदा कार्यालयात पडताळून घ्यावी, आणि ती प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या घाईत नव्हे, तर आताच. फरक आढळल्यास रजिस्टर क्रमांक नमूद करून लेखी अर्ज द्यावा. पालकांनी पाल्याचे आधार, जन्मदाखला व शाळेतील नाव यांचे शुद्धलेखन पहिलीतच एकसारखे करून घ्यावे. दहावीनंतर तेच काम चौपट अवघड होते. मुलांच्या याद्या, आधार क्रमांक, जातीचे दाखले व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकू नयेत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीला त्यात विशेष संरक्षण आहे.

विद्यालयाने अकराशे नोंदी पुन्हा मूळ रजिस्टरवरून, एकेक करून, दुरुस्त केल्या. त्याला दोन दिवाळीच्या सुट्या लागल्या. ते काम मी स्वतः केले, कारण चूक माझी होती. आता जुन्या खंडांचे प्रत्येक पान छायाचित्रित करून ठेवायचे आहे. कागद ठिसूळ झाला आहे आणि शाई फिकट होत आहे. ज्यांना या कामासाठी काही दिवस देता येतील त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.

ती मुलगी आता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. तिच्या वडिलांची नोंद संगणकात पुन्हा 'हिंदू महार' अशीच दिसते आणि शेजारच्या रकान्यात 'बौद्ध' आहे. दोन्ही शब्द खरे आहेत. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत आपण कसे आलो, हे पुढच्या पिढीला वाचता यावे, एवढ्यासाठी दोन्ही राहू द्यावेत.

जय भीम.